डाव्या हातानं उघडणारं झाकण

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"इस्तरी किती वॅटची हाय तुमची?"

मी साताऱ्याकडची. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा या भागात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. खोली शोधत फिरताना आधीच्या तीन घरमालकांनी माझं आडनाव, लग्नाचं काय, घरी कोण कोण येणार, सगळं खोदून विचारलं होतं. या गृहस्थांनी त्यातलं काही विचारलं नाही. वॅट माहीत नाही म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, ज्या वस्तूले आपन रोज हात लावतो, तिची ताकद मालूम पाह्यजे ना मानसाले," असं म्हणून त्यांनी माझ्या बॅगेतून इस्त्री काढायला लावली, उलटी करून खालचा आकडा वाचला आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

ते वीज कंपनीतून निवृत्त झालेले लाईनमन. उभा जन्म खांबावर गेलेला. उंच, काटकुळे, खिशात कायम टेस्टर. सकाळी विहारात जाताना पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातही टेस्टर, लग्नाला निघताना सफारीच्या खिशातही टेस्टर. गल्लीतला जो तो त्यांना "काका, जयभीम" म्हणायचा. त्याला उत्तर देतानाही त्यांची नजर समोरच्या माणसाच्या डोक्यावरून वायरीकडे असायची.

त्यांच्या लेखी यंत्रांचे दोनच प्रकार होते, खरं बोलणारी आणि खोटं बोलणारी. "हा मिक्सर सातशे पन्नासचा म्हनते, पन खोटं बोलते. साडेपाचशेच्या वर जातच नाई," असं ते शेजारच्या माणसाची चुगली करावी तशा आवाजात सांगत. घरातल्या प्रत्येक यंत्रावर त्यांनी ऑइलपेंटनं खरेदीची तारीख आणि शेरा लिहिला होता. माझ्या खोलीतल्या पंख्याच्या रेग्युलेटरखाली लिहिलं होतं, 'आवाज करतो पण इमानदार'. फ्रिजवर, 'उन्हाळ्यात आळशी'. शाळा तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे मी पुष्कळ वाचले. इतके नेमके कुणाचेच नव्हते.

वीज गेली की गल्लीतली सगळी माणसं आपापल्या दारात येऊन त्यांच्याकडे बघायची. ते अंगणात मधोमध उभे राहून कान देत. कशाला ते त्यांनाच ठाऊक. मग जाहीर करत, "जंपर उडाला, खांबावरची जोडतार. पाऊन तास." पाऊण तासानं वीज यायची. पन्नास मिनिटं लागली तर त्यांना ते लागायचं. हल्लीच्या पोरांना खांबावर चढता येत नाही, असं मग ते बराच वेळ बोलत राहत.

काकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळंच घडलं. मी राहायला गेले तेव्हा काकू धडधाकट होत्या. ठेंगण्या, ठसठशीत, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडच्या बाईला त्या घरातूनच हाक मारत. सकाळी मला जाग यायची ती खालून येणाऱ्या भाकरी थापायच्या आवाजानं. त्यांची ज्वारीची भाकरी काठापर्यंत सारख्या जाडीची, टम्म फुगलेली. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला विचारलं होतं, "पोरी, तुमच्याकडे भाकरीले पानी थंडं घेते का गरम?" मी गॅसवर कुकर लावणारी बाई, उत्तर माहीत नव्हतं. काकांना जसं इस्त्रीच्या वॅटचं वाटलं होतं, तसंच काकूंना माझ्याबद्दल तेव्हा वाटलं असावं.

दुसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या सुमारास, काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला. पाय काठीच्या आधारानं चालता झाला, बोलणंही परत आलं, पण उजवा हात गेला तो गेलाच. तरी त्या हरल्या नव्हत्या. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्या महिन्यात एका सकाळी कुणाला न सांगता स्वयंपाकघरात गेल्या आणि डाव्या हातानं भाकरी थापायला बसल्या. ती कशीबशी तव्यावर टाकली, पण उलटताना तवा धरायला दुसरा हात नव्हता. तवा सरकला आणि मनगटावर आला. मी धावत खाली गेले तेव्हा त्या ओट्याखाली बसल्या होत्या. भाजलेल्या हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं. फरशीवर पडलेल्या अर्ध्या कच्च्या भाकरीकडे त्या एकटक बघत होत्या.

त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. पलीकडच्या गल्लीतली एक बाई येऊन दोन्ही वेळचं करून जाऊ लागली. काकू दोन घास खात आणि ताट सरकवत. मुलगा पुण्याहून फोन करायचा, इकडं या म्हणायचा. काकू "हो" म्हणून फोन ठेवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. ज्या घरातून दोन गल्ल्या हाक जायची, तिथं आता टीव्हीचा आवाजसुद्धा नसायचा.

काका त्याबद्दल एक शब्द बोलत नसत. मला तर वाटायचं, यांना काही जाणवतच नाही. माणसापेक्षा मीटर जवळचा, असली माणसं असतात.

मग वाशीमला त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. काकू कुठंच जात नव्हत्या. काका म्हणाले, "मॅडम, तुमी चाला. एकट्यानं जायले बरं नाई वाटत." आम्ही जीपनं गेलो. हल्ली लग्नात जेवणाच्या बाजूला वेगवेगळे काउंटर लावतात, तसा तिथं एक वॉफलचा काउंटर होता. तापलेल्या यंत्रात पीठ ओतायचं, झाकण लावायचं, आणि थोड्या वेळानं चौकटी चौकटींचा, जाळीदार, खरपूस असा केक म्हणा की धिरडं म्हणा, बाहेर काढायचं. वर चॉकलेट ओतून द्यायचं. मुलांची झुंबड होती.

काका त्या काउंटरपाशी गेले आणि तिथंच खिळले. तासभर तरी उभे होते. नवरा-नवरी आले, वंदना झाली, फुलं पडली, जेवणाच्या पंगती झाल्या, तरी हे तिथंच. नातेवाईक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "काकाले गोडाची चटक लागली वाटते." मी लाजून त्यांना न्यायला गेले. बघते तर त्यांच्या हातात प्लेटसुद्धा नव्हती. त्यांनी एकही वॉफल खाल्लं नव्हतं.

"मॅडम, त्या मानसाकडे पाहा," ते मला हळूच म्हणाले.

मी पाहिलं. काउंटरवरचा माणूस एका हातानं फोन कानाला धरून कुणाशी तरी भांडत होता. दुसऱ्या हातानं पीठ ओतत होता, झाकण लावत होता, काढत होता.

"काय पाहू?" मी विचारलं.

"काई नाई. चाला," ते म्हणाले.

आम्ही जीपनं परत निघालो. वाटेतल्या मालेगावच्या जवळपास आल्यावर त्यांनी मला विचारलं, "याले मराठीत काय म्हनते?" मी म्हटलं, मराठीतही वॉफलच म्हणतात. "मंग ते यंत्र घरी ठेवायचं मियते काय?"

तिथून पुढचे दोन महिने माझ्या फोनला विश्रांती नव्हती. संध्याकाळी शाळेतून आले की काका जिन्याच्या तळाशी उभे. "मॅडम, लोकं काय लिहून राह्यले ते वाचा." मी वॉफल मेकरखाली लिहिलेले लोकांचे अभिप्राय त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. पीठ चिकटतं, तार आखूड आहे, बाहेरचा पत्रा तापतो, वरची बाजू कच्ची राहते. ते वहीत टिपून घेत. घरपोच मागवूया म्हटलं तर ऐकेनात. "फोटोले हात लावता येत नाई, मॅडम. हात लावल्याबिगर यंत्राची नियत कशी कयन?"

शेवटी एका रविवारी मी त्यांच्यासोबत वाशीमला गेले. पहिल्या दुकानदारानं उत्साहानं तीन यंत्रं काउंटरवर मांडली. काकांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. पहिलं यंत्र गोल, दांड्याला धरून उलटं फिरवायचं. त्यांनी डाव्या हातानं फिरवून पाहिलं. ते स्टँडसकट डोलायला लागलं. "नाई." दुसरं सुबक, लाल रंगाचं, हलकं. झाकण उघडायला गेले तर खालचं बूडही वर उचललं गेलं. "नाई." तिसऱ्याचं झाकण उघडलं, पण हात सोडला की धाडकन खाली पडायचं. पीठ ओतायच्या वेळी ते दुसऱ्या हातानं धरून ठेवावं लागलं असतं. "हे बी नाई."

दुकानदार त्यांच्याकडे निरखून बघत होता. त्यानं आपुलकीनं विचारलं, "काका, उजवा हात दुखते काय तुमचा?"

"माहा नाई," काका म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी उभी होते. लग्नातला तो फोनवर भांडणारा माणूस मला आठवला आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. दोन महिने मी यांना विक्षिप्त म्हणत होते, स्टाफरूममध्ये त्यांच्या गोष्टी सांगून हसवत होते.

त्यानंतर त्यांनी न बोलावताही मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. रिसोडला गेलो, कारंजाला गेलो. ते कुठंही गेले की आधी उजवा हात खिशात. एका ठिकाणी त्यांनी यंत्र लावायला लावून दांडा पाच मिनिटं मुठीत धरून ठेवला. तापतो का ते बघायला. दुकानदार म्हणाला, "काका, घ्याचं हाय का नाई? डब्बा फोडला मी." काका म्हणाले, "भाऊ, ज्या हातानं हे उघडाचं हाय तो एकच हाय. त्याले चटका बसला तर दुसरा कुठून आनू?" दुकानदार काही समजला नाही.

यंत्र सापडलं ते वाशीमलाच, बसस्टँडजवळच्या एका जुन्या दुकानात, मागच्या फळीवर धूळ खात पडलेलं. चौकोनी, चार खणांचं, बोजड. खाली रबराचे जाड पाय, पुढं आलेला लांब दांडा आणि उघडलं की ताठ उभं राहणारं झाकण. काकांनी ते दहा वेळा उघडलं, दहा वेळा मिटलं. मग टेस्टर लावला, तार पाहिली, पाणी शिंपडून दोन्ही बाजू सारख्या तापतात का ते पाहिलं. "हे खरं बोलते," ते म्हणाले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं तेवढं सुख मी त्यांच्या मुलाच्या बढतीच्या पेढ्याच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी दोन दिवस सुतारकाम केलं. एक जाड फळी, तिच्यावर यंत्राच्या पायांच्या मापाच्या चार पट्ट्या, म्हणजे ते हलणारच नाही. ओट्याशेजारी बसून करता येईल अशा उंचीवर ती बसवली. समोर एक स्टूल. मग काकूंना हाताला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी आणलं आणि समजावून सांगायला लागले. यात उलटायचं नाही, थापायचं नाही, जाळ नाही, धरायचं नाही. पीठ ओतायचं आणि झाकण लावायचं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी लुली झाली म्हनून लुल्याची मशीन आनली तुमी."

आणि काठी टेकत त्या परत जाऊन पडल्या.

काका बराच वेळ जिन्यावर बसून होते. मी चहा घेऊन गेले. म्हणाले, "माहं चुकलं, मॅडम. सारी मशीन तपासली. तिलेच इचारलं नाई."

यंत्रावर फडकं टाकलं गेलं. तीन आठवडे तसेच गेले. मग एका रविवारी सकाळी काकांनी स्वतःच ते सुरू केलं. टाकून द्यायला मन होत नव्हतं, एवढंच. यंत्राबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं, पण पिठाबद्दल काहीच नाही. सोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे मैदा, अंडी, साखर, दूध कालवलं आणि खण काठोकाठ भरले. झाकण लावताच चारी बाजूंनी पीठ ओघळून फळीवर, ओट्यावर, त्यांच्या चपलेवर. घाबरून त्यांनी मध्येच झाकण उघडलं, तर अर्धं वॉफल वर चिकटलं आणि अर्धं खाली. सुरीनं खरवडायला निघाले होते, मी हात धरला. पीठ चिकटू नये म्हणून आत दिलेल्या थरावर ओरखडा गेला असता तर संपलंच असतं.

ते मागं हटणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी पीठ पातळ झालं. तिसऱ्या दिवशी करपलं. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, आपल्या माणसाला मैदा कशाला, ज्वारीचंच करू. ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात कालवून ओतलं. ते भिंतीच्या गिलाव्यासारखं बसलं. काका ओट्यावर वाकून लाकडी उलथण्यानं ते टोकरत होते आणि मी पाणी गरम करत होते, तेवढ्यात समोरच्या खोलीतून आवाज आला.

"निस्ती ज्वारी कशी धरन? उडदाची दाळ भिजू घातली व्हती काय?"

आम्ही दोघंही थबकलो. तो जुना आवाज होता, दोन गल्ल्या जाणारा.

"नाई घातली," काका म्हणाले.

"मंग कायले सत्यानास करून राह्यले पिठाचा?"

काठीचा आवाज आला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. ओट्याची, फळीची, नवऱ्याच्या चष्म्यावर उडालेल्या पिठाची पाहणी केली. आणि उंबरा ओलांडून आत आल्या. "सरका," म्हणाल्या. स्टुलावर बसून त्यांनी ते यंत्र स्वतः पुसलं. आधी तार काढायला लावली, थंड होऊ दिलं, मग ओल्या फडक्यानं एकेक खाच. डाव्या हाताचं बोट प्रत्येक चौकटीत फिरत होतं. पुसता पुसता त्या म्हणाल्या, "पोरी, डब्यातली दाळ काढ. वाटीभर. आताच भिजव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ आंबून वर आलं होतं. ज्वारी, उडीद, थोडं जिरं, हिरवी मिरची, बारीक चिरलेली मेथी. स्वयंपाकाच्या बाईनं चिरून दिलं, बाकी सगळं काकूंनी केलं. फडक्यानं तेल फिरवलं. डावभर पीठ उचललं. थोडं बाहेर सांडलं. काकांचा हात आपोआप पुढं गेला.

"हात नका लावू," काकू म्हणाल्या.

झाकण लागलं. बाजूनं वाफ निघायला लागली. काका घड्याळ बघत होते. "चार मिनिटं झाली. उघड."

"वाफ निघून राह्यली अजून. ओलं हाय आत."

"कागदावर चार लिहेल हाय."

"कागदानं कवा भाकर केली व्हती काय?"

वाफ पार थांबली तेव्हा त्यांनी दांडा धरून झाकण वर केलं. ते ताठ उभं राहिलं. आत चार चौकोन, तांबूस, कडा कुरकुरीत, कुठं चिकटलेलं नाही. काकूंनी काट्यानं एक उचलला, मोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या. आम्ही दोघं निकाल ऐकायला उभं राहावं तसे उभे.

"मधात थोडी कच्ची हाय," त्या म्हणाल्या. "पीठ कमी टाकाले पाह्यजे व्हतं." आणि दुसरा चौकोन काकांना दिला. काकांनी तो हातात घेतला, अंगणात गेले आणि गल्लीतल्या विजेच्या खांबाकडे तोंड करून खाल्ला.

काकूंनी त्याला जाळीची भाकर असं नाव दिलं. मुगाच्या डाळीची झाली, सोयाबीनचं पीठ घालून झाली, पौर्णिमेला विहारातल्या बायांसाठी गूळ घालून झाली. बाया शिकायला यायच्या. काकू त्यांना स्टुलावरून आज्ञा द्यायच्या आणि यंत्राला कुणालाच हात लावू द्यायच्या नाहीत. काकांनासुद्धा नाही. "मले किचनमधी पाय ठेवू देत नाई आता," ते मला तक्रारीच्या सुरात सांगत, आणि ही तक्रार त्यांनी जवळजवळ सगळ्या गल्लीला सांगितली होती.

माझी बदली व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस काळा चष्मा, वाकायचं नाही, धुराजवळ जायचं नाही. त्यातच स्वयंपाकाची बाई भाचीच्या बाळंतपणाला अनसिंगला गेली. मी म्हटलं, मी करीन. काकू म्हणाल्या, "तू शाळेत जाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी लवकर परत आले. काका अंगणात खुर्चीवर बसले होते, काळ्या चष्म्याआड, हात मांडीवर. त्यांना काहीच काम नव्हतं आणि ते त्यांना जमत नव्हतं. मी जिन्याकडे निघाले तेवढ्यात काकू आतून बाहेर आल्या. डाव्या हातात ताटली, ताटलीत तीन चौकोन आणि ठेचा. दाराच्या चौकटीला खांदा टेकत, मग भिंतीला टेकत, एकेक पाऊल मोजून टाकत त्या येत होत्या. मी पुढं व्हायला गेले. त्यांनी नजरेनं मला जागच्या जागी थांबवलं.

काकांनी मान वळवली. नीट दिसत नव्हतं, म्हणून ते ऐकत होते.

"काठी कुठी हाय तुही?" त्यांनी विचारलं.

"आत ठेवली."

"काहून?"

"ताटली धरू का काठी धरू? हात एकच हाय ना."

काका उठायला लागले. खुर्चीचा हात चाचपडला, चष्मा घसरला.

"बसा तथीच," काकू म्हणाल्या. "डाक्टरनं हलू नका म्हनलं ना? मी येऊन राह्यली."

भिंत संपल्यावर खुर्चीपर्यंत पाच-सहा पावलं मोकळं अंगण होतं. त्यात धरायला काही नव्हतं. काकू तिथं क्षणभर थांबल्या, ताटली नीट सावरली, आणि चालत आल्या.